देवळालीच्या मास्तरांचे देणे

गणिताचे आणि माझे कधीच जमले नाही. शाळेत असताना गणिताच्या तासाला मी मागच्या बाकावर बसत असे आणि पुढच्या मुलाच्या पाठीआड स्वतःला शक्य तितके लपवीत असे. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, बीडच्या एका महाविद्यालयात शिकवू लागलो. लोक विचारतात, मराठीच का घेतले? मी वाङ्मयाची ओढ वगैरे सांगतो. खरे कारण एवढेच, की मराठीत उत्तर थोडे इकडेतिकडे झाले तरी थोडे गुण मिळतात. गणितात ती माणुसकी नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की माझे वडील मुनीम होते. मुनिमाच्या पोटी मराठीचा प्राध्यापक जन्माला यावा, हा देखील एक हिशेबातला घोटाळाच म्हणायचा. आमचे गाव नेकनूर. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केजच्या रस्त्याला लागले की थोड्या वेळाने गाव येते. गावचा आठवडी बाजार मोठा, त्यातही जनावरांचा. आप्पा एका अडत दुकानात बसत. पांढरा सदरा, काळी टोपी, कानावर पेन्सिल. बाजाराच्या दिवशी मला ते बरोबर नेत. बैलांचे सौदे तिथे तोंडाने होत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालीत आणि एकमेकांची बोटे दाबून किंमत ठरवीत. वरून पाहणाऱ्याला वाटावे, दोन जिवलग मित्र भेटले आहेत. आप्पा मात्र दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून म्हणत, "आता हजारावरून शेकड्यावर आले बघ." ते बहुधा बरोबर निघे. आकडे माणसाच्या चेहऱ्यावर कसे उमटतात हे मला तेव्हा समजले नाही, आजही समजत नाही.

आप्पांचा जन्म १९४२ चा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे सारे त्यांनी घोकून पाठ केले होते. साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, ते झोपेतही म्हणू शकत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. या जगात ते तयार झाले आणि १ एप्रिल १९५७ ला सरकारने रुपयाचे शंभर नवे पैसे केले. पंधरा वर्षांच्या मुलाची निम्मी विद्या एका दिवसात निकामी झाली. आप्पांनी त्याची तक्रार कधी केली नाही. विहिरीवर आंघोळ करताना ते औटकी म्हणत, जसे दुसरे कोणी स्तोत्र म्हणेल. मी एकदा विचारले होते, "आप्पा, आता याचा उपयोग काय?" ते हसले होते.

हा 'उपयोग काय' माझ्या तोंडात फार लवकर बसला. तो पुढे येणारच आहे.

तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले. ऐंशी वर्षांचे होते. आजार मोठा नव्हता. रात्री जेवले, थोडा वेळ लिहीत बसले आणि पहाटे उठलेच नाहीत. दिवसकार्य उरकल्यावर मायने कपाटातून लाल कापडी बांधणीच्या तीन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"रोज रात्री याच्यात लिहायचे," ती म्हणाली. "दुकान सुटलं तरी लिहायचे. कुणाचं काही देणंघेणं राह्यलं असंल तर बघ."

माय दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून वाचते, पण हिशेबाच्या वहीला तिने कधी हात लावला नाही. तो आप्पांचा प्रांत. मी पहिली वही उघडली. वर 'श्री', त्याखाली आप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : देवळालीचे मास्तर यांचे खाते. खाली डाव्या बाजूला १०००, १००१, १००२ असे ओळीने क्रमांक. पावत्यांचे असावेत. प्रत्येक क्रमांकापुढे दोनचार वजाबाक्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, जाड रेघेखाली, एकच रक्कम : ६१७४. पान उलटले, ६१७४. दहा पाने उलटली, ६१७४. तिन्ही वह्या अशाच.

मी मनाशी अर्थ लावला. देवळालीच्या कोणा मास्तरांचे आप्पा ६१७४ रुपये देणे लागत होते. हप्ते फेडीत होते, पण बाकी काही हलत नव्हती. व्याजाचे गौडबंगाल असणार. आयुष्यभर दुसऱ्याचे हिशेब चोख ठेवणारा माणूस स्वतः कर्जात होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही.

अडत दुकानात जाऊन विचारले. तिथे आता नातू बसतो, त्याने संगणकात पाहून सांगितले, "मुनीमकाकांच्या नावे एक रुपया बाकी नाही." नातेवाइकांना विचारले. कोणाला देवळालीचे मास्तर माहीत नव्हते. देवळाली तरी कोणती? नाशिकजवळची, की राहुरीकडची देवळाली प्रवरा? मायने मात्र या भानगडीत वेळ घालवला नाही. तिला दरमहा थोडेफार पैसे मी देतो. त्यातून वाचवून वाचवून तिने एका डब्यात ६१७४ रुपये जमा केले. वरचे चार रुपये नाण्यांत होते.

"मास्तर हयात नसले तर त्यांच्या लेकराबाळांना दे," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाच्या डोक्यावर देणं ठेवू नाही बाबा."

मी जातो जातो म्हणत राहिलो. परीक्षा, पेपर-तपासणी, शिबिरे. प्राध्यापकाला न जाण्याची कारणे कमी पडत नाहीत. डबा मायच्या उशाशी तसाच राहिला. मी नेकनूरला गेलो की ती काही बोलत नसे, फक्त डब्याकडे पाहत असे.

उलगडा झाला तो आमच्या महाविद्यालयातील प्राध्यापक-कक्षात. गणिताचे एक वडीलधारे सर निवृत्तीला आलेले आहेत. चहा पिता पिता मी त्यांना सहज म्हटले, "सर, सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर रुपयांच्या कर्जाने मी हैराण झालो आहे." सरांनी कप खाली ठेवला.

"किती म्हणालात?"

"सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर."

"सहा, एक, सात, चार?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. कर्जाची हकीकत ऐकून माणसाचा चेहरा उजळावा हे मला जरा विचित्र वाटले. "अहो, तुमच्या स्कूटरचा नंबर काय?"

मी सांगितला : ३५२४.

"आता याच चार आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या मांडा. ५४३२. लहानात लहान, २३४५. वजा करा."

३०८७ आले.

"पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८."

८३५२.

"पुन्हा. ८५३२ वजा २३५८."

मी वजाबाकी केली आणि पेन्सिल हातात तशीच राहिली. ६१७४.

"आता याच्यावर पुन्हा तोच प्रयोग करा," सर म्हणाले. ७६४१ वजा १४६७. उत्तर पुन्हा ६१७४. विहिरीत पडलेला दगड जसा तळाशीच राहतो, तसा तो आकडा तिथून हलायला तयार नाही. सरांनी सांगितले, की चारी आकडे सारखे असलेली संख्या सोडली तर कोणतीही चार आकडी संख्या घ्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ ला येऊन पोचता. हा शोध लावला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, १९४९ साली. नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिक्षक होते.

देवळालीचे मास्तर!

त्या दिवशी माझा पुढचा तास बुडाला. सर सांगत होते आणि मी ऐकत होतो. कापरेकर मूळचे डहाणूचे, जन्म १९०५ चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले होते. बी. एस्सी. झाल्यावर पुढचे शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला मास्तरकी केली. पेन्शन पुरेना म्हणून निवृत्तीनंतरही शिकवण्या कराव्या लागल्या. हाताशी ना प्रयोगशाळा, ना मोठे ग्रंथालय. कागद, पेन्सिल आणि आकडे, एवढेच भांडवल. पुष्कळ विद्वानांना हा सगळा पोरखेळ वाटे. पण १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते वारले. ६१७४ ला आज जगात 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

मला, मराठीच्या माणसाला, अधिक मोह पडला तो त्यांनी ठेवलेल्या नावांचा. एखाद्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने भाग गेला, की ती 'हर्षद' संख्या, हर्ष देणारी. १७२९ च घ्या. आकड्यांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. पंधरात एक आणि पाच मिळवले की एकवीस होतात, म्हणून एकवीसला पंधरा हा जनक आहे. पण वीसला असा कोणीच जनक सापडत नाही. म्हणून वीस ही 'स्वयंभू' संख्या. मला वाटत होते स्वयंभू फक्त देव असतात. एका जातीच्या संख्यांना तर त्यांनी डेमलो या रेल्वे स्टेशनचे नाव देऊन टाकले, कारण ती कल्पना त्यांना तिथे सुचली. गाडीची वाट पाहताना आपण घड्याळ पाहतो, चिडतो, चहा पितो. हा गृहस्थ संख्यांचे बारसे करीत होता.

"पण असे होते तरी का?" मी विचारले. आयुष्यात प्रथमच मी गणिताच्या माणसाला 'का' विचारत होतो.

सरांनी कागदाच्या कोपऱ्यात मांडून दाखवले. मोठ्या संख्येतून लहान वजा करताना दोनच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक, आणि मधल्या दोन आकड्यांतला फरक. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने. बेरीज म्हणजे तुमचे उत्तर. माझ्या ३५२४ मध्ये पाच वजा दोन म्हणजे तीन, आणि चार वजा तीन म्हणजे एक. तीन गुणिले ९९९ आणि एक गुणिले ९०, मिळून ३०८७. हे फरक मोजकेच असतात. त्यामुळे १००० ते ९९९९ मधल्या संख्या, सारख्या आकड्यांच्या नऊ सोडून उरलेल्या ८९९१, पहिल्याच वजाबाकीत फार तर ५४ उत्तरांत गोळा होतात. बाजारातून शेकडो वाटा निघाव्यात आणि वेशीबाहेर त्यांच्या चारदोन गाडीवाटा व्हाव्यात, तसेच. त्या साऱ्या वाटा शेवटी एका झाडाखाली येतात. कमाल अशी, की पाच आकडी संख्यांना असे एक झाड नाही. त्या चक्रात गोल गोल फिरत राहतात. तीन आकडी संख्यांना आहे. त्यांचे झाड ४९५.

मला एकदम आठवले.

२००१ साल असेल. मी एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. नेकनूरच्या घरी कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली वाचीत बसलो होतो; वीज होती, पण दाब नव्हता. आप्पा कागद-पेन्सिल घेऊन शेजारी येऊन बसले. बराच वेळ घुटमळले. मग म्हणाले, "बाबू, एक चार आकडी संख्या सांग. सगळे आकडे सारखे नकोत."

मी पुस्तकातून डोके वर न काढता विचारले, "कशाला?"

"सांग तर. गंमत आहे."

"आप्पा, माझी परीक्षा आहे. उपयोग काय त्याचा?"

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. "उपयोग?" ते म्हणाले. "उपयोग काही नाही." त्यांनी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि ते उठून गेले. त्यानंतर त्यांनी मला कधीही संख्या विचारली नाही.

मी त्या रात्री काय वाचीत होतो ते आज मला आठवत नाही. परीक्षेत त्याचाही काही उपयोग झाला नसावा.

गेल्या दिवाळीला आम्ही सगळे नेकनूरला गेलो. मी तिन्ही वह्या पुन्हा काढल्या आणि या वेळी नीट पाहिल्या. पावत्यांचे क्रमांक मुळी पावत्यांचे नव्हतेच! १००० पासून आप्पा एकेक संख्या घेत गेले होते. १००० घेतली, पाच वजाबाक्या, ६१७४. १००१, १००२, एकही न सोडता. ११११ पुढे लिहिले होते : बाकी पूज्य. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याआड एक तेलकट डाग पडलेला कागद सापडला. वाण्याच्या पुडीचा. कोणत्या तरी जुन्या मासिकातला कापरेकरांवरचा लेख, अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात कोणाच्या तरी घरी शेंगदाणे गेले असणार. 'कोणतीही संख्या घ्या' एवढ्यावर कागद फाटला होता.

आणि मग माझ्या ध्यानात आले, की आप्पा देवळालीच्या मास्तरांचा हिशेब तपासत होते. मास्तर म्हणतात 'कोणतीही'. ठीक आहे. पण दुसऱ्याची बेरीज स्वतः पडताळल्याशिवाय मुनीम सही करीत नाही. ५४ उत्तरांची युक्ती त्यांना कोणी सांगितली नव्हती. म्हणून मग एकेक. वीस वर्षे, रोज रात्री, जेवण झाल्यावर. माझी मुलगी संगणक शिकते. तिने चार ओळी लिहिल्या आणि सगळ्या ८९९१ संख्या डोळ्याचे पाते लवायच्या आत तपासून दाखवल्या. एकही चूक नव्हती. मास्तरांची नव्हती आणि जिथपर्यंत आप्पा पोचले होते तिथपर्यंत आप्पांचीही नव्हती. मला वाटले होते, ती म्हणेल, आजोबांनी फुकट वेळ घालवला. ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ पाने उलटीत राहिली आणि म्हणाली, "बाबा, आजोबांना किती मजा आली असेल!"

मायला सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले. "म्हणजे देणं नव्हतं?"

"नव्हतं माय."

"मग मला कधी बोलले नाहीत ते." मग थोड्या वेळाने, "कुठलाही आकडा चालतो?"

"चार आकडी. तू सांग."

"आमच्या लग्नाचं साल. एकोणीसशे एकोणसत्तर."

मुलीने पाटीवर मांडले. ९९६१ वजा १६९९, ८२६२. पुढे ६३५४. मग ३०८७, ८३५२ आणि ६१७४. माय हाताच्या पेरांवर पायऱ्या मोजत होती. "पाच," ती म्हणाली. मुलीने आप्पांच्या वहीत १९६९ चे पान शोधले. तिथेही पाचच वजाबाक्या होत्या. फक्त त्या एका संख्येच्या डाव्या बाजूला, समासात, आप्पांनी लाल शाईने लहानसे 'श्री' काढले होते. तिन्ही वह्यांत दुसऱ्या कुठल्याही संख्येपुढे ते नाही. माय पदर डोळ्याला लावून आत गेली, ती डबा घेऊनच बाहेर आली.

"हे पैसे गावच्या शाळेतल्या मास्तरांना दे. पोरांना वह्या घेतील."

"अगं, पण देणे नव्हतेच असे आत्ताच..."

"मास्तर तो मास्तर," माय म्हणाली. "देवळालीचा काय अन् नेकनूरचा काय."

यावर मी काही बोललो नाही. मायचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे.

वाचकहो, शास्त्रज्ञांचे मोठमोठे शोध आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्यांचा उपयोग काय तेही तिथेच छापलेले असते. ते बरोबरच आहे. पण घरातल्या घरात कोणी तरी कागद-पेन्सिल घेऊन आपल्या शेजारी येऊन बसते आणि म्हणते, एक गंमत आहे. तेव्हा हातातले पुस्तक क्षणभर खाली ठेवावे. मला हे सांगण्याचा अधिकार आहे असे नाही. मी ते ठेवले नव्हते, एवढाच माझा अधिकार.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मायने चौरंगावर नेहमीच्या वह्यांऐवजी आप्पांच्या तीन वह्या मांडल्या. हळदकुंकू वाहिले, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य झाला. पूजा आटोपल्यावर मी तिसरी वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर ४३१८ होते. ८४३१ वजा १३४८, बाकी ७०८३. पुढे काही नव्हते. तिथेच आप्पा झोपायला उठले असणार.

मी ती ओळ पुरी केली. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. हातच्यात एकदा चुकलो. मुलीने दुरुस्त केले. मग खालच्या ओळीवर लिहिले : ४३१९.